संगणकाच्या मेमरीतला पोटखराबा

संगणकाचा पहिला धडा शिकवताना फळ्यावर चार चौकोन काढायचे, ही पद्धत आता इतकी रुळली आहे की तिच्याकडे कोणी चिकित्सक नजरेने पाहत नाही. डावीकडे ‘इनपुट’, उजवीकडे ‘आउटपुट’, मध्ये ‘प्रोसेसर’ आणि त्याच्या खाली ‘मेमरी’. इनपुटकडून एक बाण प्रोसेसरकडे, प्रोसेसरकडून एक आउटपुटकडे, आणि प्रोसेसर व मेमरी यांच्यामध्ये दोन्हीकडे टोक असलेला एक. पुस्तक कोणत्याही इयत्तेचे असो, थोड्याफार फरकाने हे चित्र त्यात सापडतेच. या लेखात आम्ही या चित्राचे परीक्षण करणार आहोत. चित्र फळ्यावरून पुसून टाका असे आमचे म्हणणे नाही. पण त्यातला एक बाण गळलेला आहे, आणि तो नसल्यामुळे शिक्षकांना अगदी साध्या व्यवहारी प्रश्नांची उत्तरे देता येत नाहीत, असे आमचे मत झाले आहे.

असा एक प्रश्न वाशीम जिल्ह्यातल्या शिक्षकांशी बोलताना आमच्यापुढे पुन्हा पुन्हा आला. शाळेतल्या संगणकाच्या खरेदीपत्रावर मेमरी ४ जीबी लिहिलेली असते. यंत्र सुरू करून पाहावे तर पडद्यावर कुठे सव्वातीन जीबी दिसते, कुठे ३.७, कुठे ३.८. उरलेली गेली कुठे? पुरवठादाराने फसवले काय? एका शाळेने तर वर्गणी काढून मेमरीची आणखी एक पट्टी आणली, बसवली, आणि पडद्यावरचा आकडा जागचा हललाही नाही. ‘सर, पट्टी खराब निघाली,’ असा निष्कर्ष निघाला आणि पट्टी कपाटात गेली. पट्टी खराब नव्हती.

चार चौकोनांचे चित्र या बाबतीत मुके आहे. त्या चित्रात मेमरी म्हणजे प्रोसेसरचे खाजगी कपाट. त्यात ठेवणारा तोच, काढणारा तोच. मग कपाट ४ जीबीचे असेल तर ४ जीबीच दिसले पाहिजे. कमी दिसले तर एक तर कपाट लहान आहे किंवा कोणीतरी त्यातले चोरले आहे. मुलांनी आणि शिक्षकांनी तसा तर्क केला तर त्यांना दोष देता येणार नाही. त्यांना दिलेल्या चित्रातून दुसरा तर्क निघतच नाही.

चित्राला न्याय द्यायचा तर ते कुठून आले हे सांगितले पाहिजे. जॉन फॉन नॉयमन यांनी १९४५ मध्ये एडव्हॅक या यंत्राविषयी जो मसुदा लिहिला, त्यात यंत्राचे भाग साधारण असेच वेगळे केले होते. त्या काळच्या यंत्रांना हे वर्णन बऱ्यापैकी लागू पडत असे. आपल्याकडे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० मध्ये जो संगणक कामाला लागला आणि पुढे ज्याला टिफ्रॅक हे नाव मिळाले, त्याच्या मुख्य मेमरीत ४० बिटांचे २०४८ शब्द मावत. आजच्या हिशेबात ही मेमरी भरते अवघी १० केबी. माहिती आत जायची ती कागदी फितीवरून. अशा यंत्राच्या बाबतीत सगळे काही प्रोसेसरच्या हातून जाते असे सांगितले तर फारसे बिघडत नाही. पण याच संस्थेत १९६४ मध्ये सीडीसी-३६०० हा मोठा संगणक आला, आणि त्यात माहितीची ने-आण करायला स्वतंत्र ‘चॅनेल’ होते. म्हणजे चार चौकोनांचे चित्र मुंबईत चार वर्षांतच अपुरे पडले. पाठ्यपुस्तकांत ते अजून पुरते आहे.

गळलेला बाण कोणता ते आता पाहू. कीबोर्डवरचे एक अक्षर दाबले तर प्रोसेसरने हातातले काम क्षणभर थांबवून ते उचलून मेमरीत ठेवणे परवडते. माणूस सेकंदाला किती अक्षरे दाबणार? पण पडद्याचा विचार करा. आजच्या साध्या पडद्यावर १९२० × १०८० ठिपके असतात. प्रत्येक ठिपक्याच्या रंगाला ४ बाइट धरले तर एका चित्राला ८२,९४,४०० बाइट लागतात. पडदा हे चित्र सेकंदाला ६० वेळा नव्याने रंगवतो. म्हणजे दर सेकंदाला जवळजवळ ५० कोटी बाइट मेमरीतून उचलून पडद्याकडे न्यायचे. हे काम प्रोसेसर एकेक बाइट उचलून करू लागला तर त्याला दुसरे काही सुचणारच नाही. म्हणून पडदा चालवणारे उपकरण प्रोसेसरला न विचारता थेट मेमरीतून वाचते. कॅमेरा, जाळ्याचे कार्ड, आवाजाचे कार्ड, हार्ड डिस्क ही सगळी उपकरणे असेच करतात; कोणी वाचते, कोणी लिहिते. या रीतीला ‘डीएमए’ म्हणतात. चित्रात इनपुट आणि आउटपुट या चौकोनांपासून मेमरीकडे थेट बाण हवा होता, तो हाच.

हा बाण काढला की लगेच पुढचा प्रश्न उभा राहतो, आणि आमच्या मते खरा विषय तिथे सुरू होतो. मेमरी एक आणि तिच्यात हात घालणारे अनेक. मग कोणी कुठे हात घालायचा हे ठरवायचे कोणी?

प्रोग्रॅमांच्या बाबतीत हे काम ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, म्हणजे कर्नल, करतो. तो मेमरीचे ४०९६ बाइटांचे तुकडे पाडतो. त्यांना ‘पाने’ म्हणतात. प्रोग्रॅमने मागितले की जी पाने रिकामी असतील ती देतो. ती सलग असतीलच असे नाही. एक इकडचे, एक तिकडचे. प्रोग्रॅमला मात्र ती सलग भासतात, कारण प्रोग्रॅमला खरे पत्ते कधी दिसतच नाहीत. त्याच्याजवळ असतात मानीव पत्ते, आणि मानीव पत्त्याचा खरा पत्ता कोणता याचा तक्ता कर्नलजवळ असतो.

उपकरणाचे तसे नाही. साध्या उपकरणाला मानीव पत्ते ठाऊक नसतात. त्याला एक सुरुवातीचा खरा पत्ता सांगायचा, की तिथून ते पुढे मोजत जाते. वर सांगितलेल्या पडद्याच्या एका चित्राला ४०९६ ने भागा. बरोबर २०२५ पाने येतात. ही २०२५ पाने एकमेकांना लागून हवीत. यंत्र सकाळी सुरू केल्या केल्या अशी जागा सहज मिळते. पण दोन तास वापरल्यावर? एस.टी.त दहा-बारा जागा रिकाम्या असतात, पण एका कुटुंबाला शेजारी शेजारी चार मिळत नाहीत, तशी मेमरीची अवस्था झालेली असते. नेहमीच्या पीसीवर लिनक्सचा कर्नल त्याच्या नेहमीच्या वाटपातून एका तुकड्यात फार तर ४ एमबी सलग देऊ शकतो. पडद्याच्या चित्राला लागतात जवळजवळ ८.

यावरचा सर्वांत जुना आणि सर्वांत सरळ उपाय म्हणजे वाटप सुरू होण्याआधीच जागा बाजूला काढून ठेवायची. हीच ती राखीव मेमरी.

आपल्याकडच्या शिक्षकांना ही कल्पना समजावून सांगायला कपाटाची नव्हे, सातबाऱ्याची उपमा घ्यावी असे आम्हाला वाटते. सातबाऱ्यावर एकूण क्षेत्र वेगळे असते आणि लागवडीयोग्य क्षेत्र वेगळे. मधला फरक म्हणजे पोटखराबा. त्यातही ‘अ’ वर्ग म्हणजे खडक, खळे, शेतातली इमारत अशी पिकाखाली नसलेली जागा, आणि ‘ब’ वर्ग म्हणजे रस्ता, नाला, सार्वजनिक वापराची जागा. ‘ब’ वर्गातल्या जमिनीची माती कदाचित शेजारच्या वावरासारखीच काळीभोर असेल, पण तिथे पेरता येत नाही, कारण तिथून इतरांना जायचे आहे. शेत चार एकरांचे आहे आणि पेरणी पावणेचार एकरांवर होते म्हणून कोणी पोलिसांत तक्रार देत नाही. संगणकाच्या ‘४ जीबीपैकी ३.७ वापरण्याजोगी’ या ओळीचा अर्थ नेमका हाच आहे.

गंमत अशी की खुद्द अभियंत्यांनीही या बाबतीत शब्द जपून वापरलेले नाहीत. इंटेलच्या अंगभूत ग्राफिक्ससाठी काढून ठेवलेल्या भागाला लिनक्सच्या ड्रायव्हरमध्ये चक्क ‘स्टोलन मेमरी’ म्हणतात, म्हणजे चोरलेली मेमरी. कर्नलच्या बाजूने पाहिले तर ते नाव गमतीचे आहे. वापरणाऱ्याच्या बाजूने दिशाभूल करणारे. रस्त्याने शेत चोरले असे म्हणण्यापैकीच ते आहे.

पीसीचा सातबारा कसा तयार होतो तेही पाहण्यासारखे आहे. यंत्र सुरू होताच बायोस कर्नलच्या हाती एक यादी देते. तिला ‘ई-८२०’ असे रुक्ष नाव आहे. यादीत एकेका पट्ट्याची सुरुवात, लांबी आणि प्रकार लिहिलेला असतो: हा वापरायला मोकळा, हा राखीव, हा अमुक कामानंतर परत मिळेल. नव्या यंत्रांत हेच काम यूईएफआय करते. मोबाइल फोन आणि रास्पबेरी पायसारख्या यंत्रांत बायोस नसते. तिथे ‘डिव्हाइस ट्री’ नावाचा एक तक्ता कर्नलला मिळतो आणि त्यात ‘रिझर्व्हड मेमरी’ असे वेगळे प्रकरणच असते. त्या प्रकरणातले दोन शेरे लक्षात ठेवण्याजोगे आहेत. एक ‘नो-मॅप’, म्हणजे कर्नलने या जागेची आपल्या तक्त्यात नोंदसुद्धा घ्यायची नाही. दुसरा ‘रीयुजेबल’, म्हणजे उपकरणाला नको आहे तोवर कर्नलने ही जागा वापरली तरी चालेल.

पहिला शेरा अतिरेकी वाटेल. जागा वापरू नको एवढे सांगितले तर पुरत नाही का? नोंदही का नको? कारण आजचे प्रोसेसर उतावीळ असतात. पुढे काय लागेल याचा अंदाज बांधून ते तक्त्यात असलेल्या जागा आधीच वाचून ठेवतात. ती जागा एखाद्या सुरक्षित कप्प्याची असेल तर नुसत्या वाचण्यानेही यंत्र अडकू शकते. ज्या वाड्यात जायचे नाही त्याचा पत्ताच नोकराजवळ नसावा, हे इथे बरे.

इथे उपमेची मर्यादाही सांगितली पाहिजे. पोटखराबा मोजणी होईपर्यंत वर्षानुवर्षे तसाच राहतो. संगणकात मोजणी दर वेळी, यंत्र सुरू होताना नव्याने होते. आणि रस्त्यावर नांगर घातला तर फार तर भांडण होते. इथे कर्नलने राखीव जागा चुकून एखाद्या प्रोग्रॅमला दिली तर उपकरण आपले लिहीतच राहते. प्रोग्रॅमचे आकडे बदलतात, कोणी बदलले याचा मागमूस राहत नाही. प्रोग्रॅम कोलमडतो आणि दोष भलत्यालाच लागतो. याच भीतीपोटी लिनक्समध्ये आणखी एक राखीव तुकडा ठेवण्याची सोय आहे. मुख्य कर्नल कोसळला तर त्याचे शवविच्छेदन करायला दुसरा छोटा कर्नल त्या तुकड्यात जागा होतो. तुकडा वेगळा का, तर पहिला कर्नल गेला तरी त्याने कामाला लावलेली उपकरणे त्याच्या मेमरीत अजून लिहीत असू शकतात. जी जागा कधीच कोणत्या उपकरणाला दिलेली नाही तीच काय ती सुरक्षित.

आता त्या कपाटात गेलेल्या पट्टीकडे वळू. सव्वातीन जीबी दिसणारे यंत्र आणि ३.७ जीबी दिसणारे यंत्र यांचे दुखणे एक नाही, आणि या दोहोंची गल्लत संगणक दुरुस्त करणारेही करतात.

१९८१ मध्ये आयबीएमने जो पीसी बाजारात आणला त्याच्या प्रोसेसरला २० पत्त्याच्या तारा होत्या. त्यामुळे एकूण पत्ते १०२४ केबीपुरते. त्यातले पहिले ६४० केबी प्रोग्रॅमांना, आणि वरचे ३८४ केबी उपकरणांना व बायोसला राखून ठेवले. रंगीत पडद्यावरच्या अक्षरांची जागा ७३६ केबीच्या पत्त्यापासून सुरू होई. ८० अक्षरांच्या २५ ओळी, दर अक्षराला २ बाइट, म्हणजे ४००० बाइट. त्या पहिल्या पत्त्यावर ६५ हा आकडा लिहिला की पडद्याच्या डाव्या कोपऱ्यात इंग्रजी ‘ए’ उमटे. ज्यांनी डॉसवर काम केले आहे त्यांनी हा खेळ केलेला असेल. इथे एक बारीक गोष्ट आहे: हे ४००० बाइट मेमरीच्या पट्टीवर नव्हतेच, पडद्याच्या कार्डावर होते. त्यांना घर क्रमांक मात्र त्याच १०२४ च्या यादीतले दिलेले होते.

३२ बिटांच्या यंत्रात हीच कथा मोठ्या प्रमाणावर घडली. ३२ तारांनी ४,२९,४९,६७,२९६ पत्ते होतात, म्हणजे नेमके ४ जीबी. उपकरणांनाही याच यादीतले पत्ते द्यावे लागतात. पाऊण जीबीचे पत्ते उपकरणांना दिले की पट्टीसाठी उरतात सव्वातीन जीबीचे. पट्टी पूर्ण आहे, चांगली आहे, पण तिच्या शेवटच्या पाऊण जीबीला घर क्रमांकच नाही. अशा यंत्रात आणखी पट्ट्या घातल्या तरी क्रमांक वाढत नाहीत. त्या शाळेत नेमके हेच झाले. ऑपरेटिंग सिस्टिम ३२ बिटांची होती. प्रोसेसर आणि बोर्ड ६४ बिटांचे काम करू शकत असतील तर ६४ बिटांची सिस्टिम घातल्यावर हरवलेला भाग ४ जीबीच्या वरच्या पत्त्यांवर सापडतो, एका पैशाचीही खरेदी न करता.

३.७ दाखवणाऱ्या यंत्राचे तसे नाही. तिथे पत्ते आहेत, पण जागा खरोखरच उपकरणाला दिलेली आहे; बहुधा अंगभूत ग्राफिक्सला. शिवाय थोडी कर्नलच्या स्वतःच्या हिशेबाला. लिनक्समध्ये हा हिशेब मोठा उद्बोधक आहे. प्रत्येक पानाची एक नोंद ठेवावी लागते आणि ६४ बिटांच्या यंत्रात ती नोंद ६४ बाइटांची असते. ४ जीबीत १०,४८,५७६ पाने, म्हणजे नोंदवहीच ६४ एमबीची. तलाठ्याचे दप्तर ठेवायलाही खोली लागतेच.

जुनी राखणही नाहीशी होत नाही. आजच्या पीसीवर लिनक्स सुरू होतानाच्या नोंदी पाहिल्या तर अगदी पहिला मोकळा पट्टा ६४० केबीच्या आसपास संपतो आणि १०२४ केबीपर्यंतचा भाग टाळलेला दिसतो. १९८१ चा पोटखराबा अजून सातबाऱ्यावर आहे.

एवढ्यावर लेख संपवता आला असता. राखीव जागा चोरी नव्हे, गरज आहे, एवढे सांगून. पण मग परीक्षण एकांगी होईल. राखणीची पद्धत स्वतः निर्दोष नाही. कॅमेऱ्याला मोठी सलग जागा हवी हे खरे, पण कॅमेरा दिवसातून किती वेळ चालतो? उरलेला वेळ ती जागा पडीकच. फोनमध्ये कॅमेरा, व्हिडिओ उलगडणारे उपकरण, पडदा या प्रत्येकाने आपापला तुकडा राखून ठेवला तर लहान मेमरीच्या फोनमध्ये प्रोग्रॅमांच्या वाट्याला काय येणार?

यावर सॅमसंगच्या पोलंडमधल्या मिहाऊ नाझारेविच आणि मारेक शिप्रोव्हस्की या अभियंत्यांनी जो मार्ग काढला तो जुलै २०१२ च्या लिनक्स ३.५ मध्ये दाखल झाला. त्याचे नाव सीएमए. आपल्याकडे त्याला तयार नाव आहे: गाळपेर.

वाशीमसारख्या जिल्ह्यात, जिथे लहान-मोठ्या तलावांची संख्या बरीच आहे, हे समजावून सांगायची गरज नाही. एकबुर्जी घ्या की अडाण, जलाशयाची बुडीत जमीन पाण्यासाठी राखीव असते. पण पाणी उतरत जाते तशी काठाची गाळाची जमीन उघडी पडते, आणि तिथे हंगामापुरते हरभरा, कलिंगड, भाजीपाला असे पीक घ्यायला जमीन देण्याची रीत आपल्याकडे आहे. अट एकच. तिथे विहीर खोदायची नाही, घर बांधायचे नाही, झाड लावायचे नाही. पाणी आले की निमूट उठायचे.

सीएमएची अट शब्दशः हीच आहे. राखीव भागात कर्नल फक्त हलवता येणारी पाने ठेवतो. प्रोग्रॅमची पाने हलवता येतात, कारण प्रोग्रॅमजवळ मानीव पत्तेच असतात. पान दुसरीकडे उतरवून घ्यायचे, तक्त्यातला खरा पत्ता बदलायचा, प्रोग्रॅमला कळतही नाही. कर्नलची स्वतःची बांधकामे मात्र बहुतेक खऱ्या पत्त्यांवर उभी असतात, ती हलत नाहीत. म्हणून ती इथे करायची नाहीत. कॅमेरा सुरू झाला की पाणी आले. कर्नल पाने उठवतो आणि सलग जागा कॅमेऱ्याला देतो. पुढे २०१४ मध्ये लिनक्स ३.१५ पासून डिव्हाइस ट्रीमध्ये ‘रीयुजेबल’ असा शेरा मारून अशी जागा जाहीर करण्याची रीतसर सोय झाली.

कल्पना देखणी आहे, पण गाळपेराचे सगळे तंटेही तिच्याबरोबर आले. पाने उठवायला वेळ लागतो, आणि फोटो काढणारा थांबायला तयार नसतो. एखादे हलवण्याजोगे पान नेमके त्याच वेळी दुसऱ्या उपकरणाने धरून ठेवलेले असते. ते सुटेपर्यंत सलग जागा होत नाही आणि मागणी नाकारली जाते. तिसरा तंटा जास्त चमत्कारिक. कधी कधी मोकळी मेमरी भरपूर दिसते, पण ती सगळी गाळपेरातली असते. अशा वेळी कर्नलला पक्के बांधकाम करायचे असेल तर जमीन समोर असून उपयोग नसतो. म्हणून ज्या उपकरणाला नकार चालणारच नाही त्याच्यासाठी बनवणारे आजही जुनी कोरडी राखण पसंत करतात. आम्हाला त्यात गैर वाटत नाही.

गैर वाटते ते दुसरेच. राखीव जागा किती हे ठरवतो यंत्र बनवणारा, तोही सर्वांत वाईट प्रसंग डोळ्यांपुढे ठेवून. फोनच्या बाबतीत ते समजू शकते. फोन कशासाठी आहे ते त्याला ठाऊक असते. पण शाळेतला संगणक आठ-दहा वर्षे वापरला जातो, आणि तोही मराठी टंकलेखन, आकडेमोड, एखादा विज्ञानाचा चित्रपट यासाठी. २ जीबीच्या जुन्या यंत्रात ग्राफिक्ससाठी २५६ एमबी बाजूला पडले असतील तर आठवा हिस्सा गेला. अनेक बोर्डांच्या बायोसमध्ये हा आकडा कमी करण्याची सोय असते, पण ती कुठे आहे आणि तिचा अर्थ काय हे माहितीपुस्तिकेत एका ओळीत उरकलेले असते. उलट उदाहरण म्हणून २०१२ चा पहिला रास्पबेरी पाय पाहा. मेमरी सगळी मिळून २५६ एमबी. पण त्यातली ग्राफिक्सला १२८ द्यायची, ६४ की ३२, हे वापरणाऱ्याला निवडता येई आणि निवड उघड मांडलेली होती. लहान मेमरीच्या यंत्रानेच वापरणाऱ्याला विश्वासात घेतले, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

‘आता आयओएमएमयू आल्यावर हे सगळे प्रश्न संपले,’ असे काही तज्ज्ञ सांगतात. आयओएमएमयू म्हणजे उपकरणांनाही मानीव पत्ते देणारी यंत्रणा. विखुरलेली २०२५ पाने ती उपकरणाला सलग भासवते, आणि नेमून दिलेल्या जागेबाहेर उपकरणाने हात घातला तर अडवतेही. ही मोठीच सोय आहे. पण प्रश्न संपले म्हणणे घाईचे आहे. इंटेलच्या अशा यंत्रणेतसुद्धा बायोस कर्नलला एक अपवादांची यादी देते: अमुक उपकरण अमुक जागा वापरत आहे, तिचे पत्ते बदलू नका. म्हणजे नव्या मोजणीतही जुनी वहिवाट मान्य करावी लागली. शिवाय स्वस्त यंत्रांत ही यंत्रणा असतेच असे नाही.

आठवी-नववीच्या मुलांना इतके कशाला, असा आक्षेप येईल. तो एका मर्यादेपर्यंत आम्हाला मान्य आहे. सीएमए आणि डिव्हाइस ट्री वर्गात नकोत. पण इनपुट-आउटपुटकडून मेमरीकडे जाणारा एक तुटक बाण आणि मेमरीच्या चौकोनात तिरप्या रेघांनी भरलेली एक पट्टी, एवढे तर फळ्यावर काढता येईल. त्याला खडूखेरीज काही लागत नाही.

ज्यांच्या शाळेत विंडोज आहे त्यांनी ‘रिसोर्स मॉनिटर’ उघडून ‘मेमरी’ या पानावर जावे. तिथल्या आडव्या पट्टीच्या अगदी डाव्या टोकाला ‘हार्डवेअर रिझर्व्हड’ असा एक तुकडा आकड्यासह दिसतो. लिनक्स असेल तर ‘प्रॉक’ या फोल्डरमधली ‘आयओमेम’ नावाची फाइल उघडावी. मात्र व्यवस्थापकाच्या अधिकाराने, नाहीतर सगळे पत्ते शून्यच दिसतात. मुलांनी प्रत्येक यंत्राचा आकडा वहीत उतरवून घ्यावा, खरेदीपत्रावरच्या आकड्याशी ताडून पाहावा, आणि सव्वातीनची यंत्रे एका बाजूला, ३.७ ची दुसऱ्या बाजूला अशी विभागणी करावी. पहिल्या गटातल्या यंत्रांवर सिस्टिम ३२ बिटांची आहे काय ते पाहावे. मग कपाटातली ती पट्टी बाहेर काढायची की नाही हे मुलेच सांगतील.